‘बघतो’ म्हटल्यानंतर

रायपूरच्या सदर बाजारात सकाळी शटरं वर जात असताना पैसे मागायला कोणी येत नाही. भवानी व्हायच्या आधी पैसे देणं अपशकुनाचं, आणि दिवेलागणीला, लक्ष्मी घरात यायच्या वेळी, तिला बाहेर पाठवणं त्याहून वाईट. म्हणून तगाद्याला निघालेला माणूस दुपारी येतो. गिऱ्हाईक ओसरलेलं असतं, शेठ जेवून गादीवर परतलेले असतात, मुनीमजींच्या हाताशी वही असते. तो पाणी पितो, सोन्याच्या भावावर दोन शब्द बोलतो आणि मग आपलं काम काढतो. शकुन-अपशकुन बाजूला ठेवले तरी या रिवाजात शहाणपण आहे. ज्याच्याकडून काही हवं आहे त्याचा दिवस कसा जातो, हे मागणाऱ्याला ठाऊक असतं.

या पुस्तकाचा विषय तोच आहे, पण मागणारे बदलले आहेत. लेखकाच्या डोळ्यांसमोर रायपूरमधले मराठी तरुण आहेत : नुकती स्वतःची कचेरी थाटलेला वास्तुरचनाकार, दागिन्यांचे फोटो काढणारी मुलगी, सराफांना हिशेबाची संगणकप्रणाली विकणारा, शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांच्या मागे असलेली संशोधक विद्यार्थिनी. पहिला फोन करायला यांतलं कोणी बिचकत नाही. पहिल्या भेटीत चहा मिळतो, कार्ड घेतलं जातं आणि समोरचा म्हणतो, ‘बघतो.’ छत्तीसगढी माणूस असेल तर म्हणतो, ‘हो जाही.’ तिथून पुढे काय करायचं हे मात्र कोणी शिकवलेलं नसतं. काहीजण दुसऱ्या दिवसापासून रोज फोन करतात. बाकीचे, आणि आपल्यात हेच जास्त, वाट पाहत बसतात.

आपल्यात हेच जास्त का, याबद्दल माझं एक मत आहे. छत्तीसगडात मराठी माणूस नागपूरकर भोसल्यांबरोबर आला. बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरला राहून १७८७ पर्यंत इथला कारभार पाहिला. पुढे इंग्रजी अमदानीत तो शाळेत, कचेरीत, कोर्टात आणि रेल्वेत आला. म्हणजे पिढ्यान् पिढ्या आपण पगारदार. अर्ज करायचा, पोचपावती घ्यायची, वरून उत्तर येईपर्यंत थांबायचं. सदर बाजारातल्या पेढीवर वाढलेलं पोर दहाव्या वर्षी आजोबांबरोबर उगाहीला, म्हणजे वसुलीला, जातं. आपल्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरात त्याच वयाच्या मुलाला सांगितलं जातं की एकदा सांगितलं ना, परत परत विचारू नये. तो संस्कार वाईट नाही. पण त्यानं धंदा चालत नाही, आणि संशोधनही चालत नाही.

पुस्तकात शिरण्याआधी वाचकानं एक गोष्ट मनाशी ठरवून घ्यावी, कारण तिच्यावाचून पुढची सगळी प्रकरणं चुकीच्या जागी वापरली जातील. तुम्ही ज्या गोष्टीच्या मागे लागला आहात ते समोरच्याचं देणं आहे, की ती त्याची मेहरबानी आहे? झालेल्या कामाचे पैसे, कबूल केलेला माल, सही करायचं ठरलेला करार हे देणं. शिफारस, ओळख करून देणं, तुमचा आराखडा वाचून मत सांगणं, नव्या कामासाठी तुमचा विचार करणं ही मेहरबानी. देणं मागताना माणूस मेहरबानी मागितल्यासारखा ओशाळतो, आणि मेहरबानी मागताना देणेकऱ्याच्या दारात बसल्यासारखा हटून बसतो. पाठपुराव्यातले बहुतेक घोळ एवढ्या एका अदलाबदलीतून होतात.

देण्याचं प्रकरण तुलनेनं सोपं. तिथे कायदा मागणाऱ्याच्या बाजूला आहे, फक्त त्याला तो माहीत नसतो. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे, लहान पुरवठादारानं दिलेला माल किंवा केलेली सेवा स्वीकारली गेली की लेखी करारात काहीही मुदत घातली तरी पैसे ४५ दिवसांच्या आत दिले गेले पाहिजेत. करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागू होतं. त्यात आयकर कायद्यात ४३ब (ह) हे कलम आलं आणि २०२४-२५ या कर-निर्धारण वर्षापासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला त्या वर्षाचा खर्च म्हणून दाखवता येईनाशी झाली. तेव्हापासून मार्च महिन्यात मोठ्या पेढ्यांचे लेखापालच लहान कारागिरांना फोन करून ‘तुमचं उद्यम प्रमाणपत्र पाठवा’ म्हणू लागले. जे काम नम्र आठवणींनी होत नव्हतं ते एका कलमानं केलं.

जुनी उधारी असेल तर आणखी एक आकडा लक्षात ठेवावा : तीन वर्षं. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार साध्या येण्याच्या दाव्याला एवढीच मुदत आहे. मात्र ती संपायच्या आत देणेकऱ्यानं बाकी लेखी मान्य करून सही दिली तर तीन वर्षं नव्यानं मोजली जातात. दिवाळीला वह्या मिळवून ‘बाकी बरोबर’ म्हणून सही घेण्याची जुन्या पेढ्यांची पद्धत पूजेबरोबरच होते म्हणून ती धार्मिक वाटते. ती पूर्णपणे वकिली आहे. माझी उमेदीची वर्षं अशाच वह्या तपासण्यात गेली, आणि ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्यात भांडकुदळ कमी व संकोची जास्त होते, एवढं मी खात्रीनं सांगतो.

आता मेहरबानीकडे. इथे कायदा नाही, व्याज नाही, आणि समोरच्यानं गप्प बसायचं ठरवलं तर आपण काही करू शकत नाही. म्हणून इथे खरी कसोटी लागते. उदाहरणासाठी फार लांब जायला नको. ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक जानेवारी १९०० मध्ये निघालं. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोळकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी घरांतले, मासिक हिंदी. सप्रे तेव्हा पेंड्र्याला राजकुमारांना शिकवत होते. म्हणजे संपादन पेंड्र्यात, छपाई सुरुवातीला रायपूरच्या कय्यूमी प्रेसमध्ये आणि नंतर नागपूरला, वाचक जिथे पोस्ट जाईल तिथे. लेखकाकडे लेखासाठी, छापखान्याकडे प्रुफांसाठी आणि वर्गणीदाराकडे वर्गणीसाठी पत्रामागून पत्र टाकणं हा अशा मासिकाचा रोजचा उद्योग असतो. सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही गोष्ट याच मासिकात १९०१ साली आली आणि हिंदी कथेच्या इतिहासात जाऊन बसली. मासिक मात्र पैशाच्या ओढाताणीत डिसेंबर १९०२ मध्ये बंद पडलं. कौतुक करणारे होते. पण कौतुक हे येणं म्हणून वहीत मांडता येत नाही.

त्या तिघांतले लाखे पुढे काय करतात हे पाहण्यासारखं आहे. १९१३ मध्ये रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी राहिली, तिच्यामागे तेच होते. मासिकाच्या अनुभवानं त्यांना सहकाराकडे ढकललं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण क्रम बोलका आहे. आधी लोकांच्या सदिच्छेवर चालणारी संस्था, नंतर सभासद, भाग, हप्ता आणि तारीख यांच्यावर चालणारी संस्था. लाखे नगर चौकातून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना यातली पहिली माहीत असते.

हाच क्रम एका माणसाच्या एकाच कामात पाहायचा तर ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांकडे जावं लागतं. केतकरांचा जन्म रायपूरचा, २ फेब्रुवारी १८८४ चा. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट करून ते १९१२ मध्ये परतले आणि मराठीत ज्ञानकोश करायचं त्यांनी मनावर घेतलं. अशा कामाचा रूढ मार्ग ठरलेला होता : नामवंत विद्वानांची यादी करायची, प्रत्येकाला एकेक विषय द्यायचा आणि नोंदींची वाट बघत बसायचं. इंग्लंडात जेम्स मरे जवळपास त्याच वाटेनं गेले होते. ऑक्सफर्डच्या शब्दकोशासाठी त्यांनी १८७९ मध्ये इंग्रजी वाचणाऱ्या साऱ्या जनतेला आवाहन केलं. देशोदेशींच्या हौशी वाचकांकडून चिठ्ठ्या मागवल्या आणि हयातभर पत्रं लिहिली. इतकी, की ऑक्सफर्डच्या टपाल खात्यानं त्यांच्या घरासमोर पत्रपेटी बसवली. त्यांच्याआधीच्या संपादकांनी वाटलेलं काम गोळा करता करता एका अक्षराच्या चिठ्ठ्या इटलीत सापडल्या, तर दुसऱ्या एका गठ्ठ्यातल्या पुष्कळशा आयर्लंडात चूल पेटवायला गेल्या होत्या. मेहरबानीवर सोपवलेल्या कामाचं असं होतं. त्या कोशाचा पहिला भाग केतकर जन्मले त्याच महिन्यात बाहेर पडला आणि शेवटचा १९२८ मध्ये. मरे १९१५ मध्येच वारले.

केतकरांना एवढी सवड नव्हती आणि पाठीशी विद्यापीठही नव्हतं. त्यांनी १९१६ मध्ये नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी काढली. लोकांकडे देणगी मागायच्या ऐवजी भाग विकले, ग्रंथ छापून होण्याआधी ग्राहक नोंदवले, गावोगाव फिरून लोकांना भेटून पैसे गोळा केले. पुढे कार्यालय पुण्याला नेलं आणि लेखनासाठी पगारी सहकारी नेमले. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे याच कचेरीत तयार झाले. महाराष्ट्र शब्दकोश नंतर त्यांनीच उभा केला. १९२० पासून पुढच्या दशकभरात ज्ञानकोशाचे २३ खंड बाहेर पडले. त्यातले पहिले पाच तर नुसते प्रस्तावनाखंड होते. (माझ्या या प्रस्तावनेच्या लांबीबद्दल संपादकांनी कुरकुर केली तेव्हा मी त्यांना हेच सांगितलं.)

केतकरांच्या चिकाटीबद्दल लिहिताना लोक त्यांची पायपीट सांगतात. मला त्यांची रचना जास्त महत्त्वाची वाटते. मुळात किती माणसांच्या मर्जीवर आपलं काम अवलंबून ठेवायचं, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला. जिथे जमेल तिथे मर्जीचं रूपांतर करारात केलं, आणि जी थोडी मेहरबानी उरली तिच्यासाठीच पायपीट केली. आज कोणी तरुण मला सांगतो की तो अमक्या साहेबांच्या मागे सहा महिने आहे, तेव्हा मी आधी विचारतो की ते साहेब नसतील तर काम कसं होईल. बहुतेकदा त्यानं हा विचारच केलेला नसतो. त्याचे सहा महिने चिकाटीत कमी आणि दुसरी वाट न शोधण्यात जास्त गेलेले असतात. केतकरांचं उत्तरायुष्य ओढगस्तीत गेलं हेही इथे लपवायला नको. पण २३ खंड पुरे झाले.

उरलेल्या मेहरबानीसाठी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कसं विचारायचं, यावर पुस्तकात भरपूर आहे. मी फक्त एका संशोधकाची भर घालतो. अमेरिकेतले डॉन डिलमन टपालानं प्रश्नावल्या पाठवून पाहण्या करत. अनोळखी, कामात बुडालेल्या माणसाकडून उत्तर कसं काढायचं याची रीत त्यांनी १९७८ च्या पुस्तकात मांडली. पहिल्या पत्रानंतर एका आठवड्यानं नुसतं कार्ड : उत्तर दिलं असेल तर आभार, नसेल तर आज द्या. तिसऱ्या आठवड्यात नवं पत्र आणि सोबत प्रश्नावलीची नवी प्रत, कारण पहिली हरवलेली असणार असं धरूनच चालायचं. सातव्या आठवड्यात नोंदणीकृत टपाल. पुढे काही नाही. यात दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. प्रत्येक आठवण वेगळी आहे, आणि उत्तर देणाऱ्याचं काम ती दर वेळी थोडं कमी करते. ‘सर, माझ्या मेलचं काय झालं?’ या वाक्यानं सरांचं काम वाढतं. त्यांना जुना मेल शोधावा लागतो, वाचावा लागतो, आणि शिवाय अपराधी वाटतं. त्याऐवजी मागणं पुन्हा दोन ओळींत लिहिलं, कागद परत जोडला आणि ‘नुसतं हो किंवा नाही कळवलंत तरी पुरे’ म्हटलं, तर ते गाडीत बसल्या बसल्या उत्तर देतात.

वेळेचं गणित मात्र डिलमनकडून शिकता येणार नाही, ते ज्याच्या त्याच्या धंद्यातून शिकावं लागतं. सराफाला धनत्रयोदशी, पुष्य नक्षत्र, अक्षय्य तृतीया आणि लग्नसराईत भेटायला जाणं म्हणजे स्वतःहून नकार मागणं. पितृपक्षात जा. त्या पंधरवड्यात सोनं घ्यायला कोणी फिरकत नाही, शेठ निवांत असतात, आणि नव्या कॅटलॉगचं, दुकानाच्या सजावटीचं बोलणं दिवाळीच्या तोंडावर करण्यापेक्षा तेव्हा मन लावून होतं. सीएला महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास जीएसटीच्या विवरणपत्रांमुळे आणि सबंध सप्टेंबरमध्ये लेखापरीक्षणामुळे श्वास घ्यायला वेळ नसतो. उच्च न्यायालय बिलासपूरला असल्यामुळे रायपूरचे वकील सकाळी रस्त्यात असतात आणि दिवसभर कोर्टात. त्यांना संध्याकाळी कचेरीत गाठावं. वार्ताहराला संध्याकाळी फोन करू नये. डॉक्टरांच्या बाबतीत त्यांच्या स्वागतकक्षातली बाई सांगेल ती वेळ खरी. आणि शेठपेक्षा मुनीमजी, साहेबांपेक्षा त्यांचे स्वीय सहायक, प्राध्यापकांपेक्षा विभागातला जुना कारकून यांच्याशी नातं नीट असेल तर अर्धा पाठपुरावा आपोआप होतो. त्यांना चॉकलेटं वाटू नयेत. त्यांचं नाव लक्षात ठेवावं आणि काम झाल्यावर त्यांनाही कळवावं.

लेखकाशी माझा मतभेद होतो तो व्हॉट्सॲपच्या प्रकरणात. ओळख उबदार राहावी म्हणून अधूनमधून शुभेच्छा, बातम्यांचे दुवे, सणाची चित्रं पाठवत राहावं असं त्याचं म्हणणं आहे. मला हे पटत नाही. रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवणाऱ्याचा कामाचा संदेशही लोक न उघडता वर सरकवतात. निळ्या खुणा २०१४ मध्ये आल्या तेव्हापासून आणखी एक खेळ सुरू झाला आहे : त्यानं वाचलं हे मला कळतं, मला कळलं हे त्याला कळतं, आणि दोघंही गप्प. त्या खुणेवरून ‘तुम्ही वाचलंत पण उत्तर दिलं नाहीत’ असं चुकूनही लिहू नये. कामाचा माणूस संदेश दोन बैठकांच्या मध्ये वाचतो, नंतर उत्तर देऊ म्हणतो आणि विसरतो. आपली आठवण त्या विसरण्यासाठी असते. त्याला कोंडीत पकडण्यासाठी ती वापरली तर उत्तर मिळेलही, पण शेवटचं.

कुठे थांबायचं, हा प्रश्न पुस्तकात शेवटी आला आहे; मी तो आधी घेतला असता. मेहरबानी मागताना तीनदा नीट, अंतर ठेवून, दर वेळी काहीतरी नवं देऊन विचारलं आणि तरी शांतता असेल, तर ती शांतता हेच उत्तर समजावं आणि दार उघडं ठेवून निघावं. स्त्रियांनी आणि स्त्रियांशी काम करणाऱ्या पुरुषांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. कामाच्या नावाखाली होणारा पिच्छा आणि पाठपुरावा यांतली रेघ नकारानंतरच्या पहिल्या फोनवर असते. सार्वजनिक कामाची गोष्ट निराळी. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा यासाठी रंगनाथ पठारे समितीचा अहवाल २०१३ मध्ये केंद्राकडे गेला आणि निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ ला झाला. तिथे तीन आठवणींनंतर थांबणं चूक ठरलं असतं, कारण सरकार कोणावर मेहरबानी करत नव्हतं, अर्जाचं उत्तर देणं लागत होतं.

पुस्तकात काही त्रुटी आहेत. नमुन्याची पत्रं जरा गुळगुळीत झाली आहेत आणि सगळ्यांत हिंदीतला ‘निवेदन’चा सूर आहे, वाचकानं ती आपल्या बोलीत उतरवून घ्यावीत. सराफ्यातल्या कारागिरांवरचं प्रकरण फार लहान आहे. परगावाहून येऊन अरुंद माडीवर काम करणाऱ्या या माणसांची मजुरी सर्वांत उशिरा मिळते आणि तगादा लावण्याची ताकद त्यांच्यातच सर्वांत कमी असते. पुढच्या आवृत्तीत लेखकानं त्यांच्याशी बसून बोलावं आणि ४५ दिवसांचा नियम त्यांना कळेल अशा हिंदीत आणि बंगालीत छापून द्यावा, अशी माझी त्याला विनंती आहे.

पुस्तक मागणाऱ्यांसाठी लिहिलं आहे, पण ते वाचणाऱ्यांतले काहीजण दहा वर्षांनी स्वतः कामात बुडालेले असतील आणि त्यांच्या दारात दुसरे कोणी उभे असतील. त्यांना एवढंच सांगणं : नाही म्हणायचं असेल तर त्याच दिवशी म्हणा, आणि ‘बघतो’ म्हणालात तर सोबत तारीख द्या.